विमानाआधी रिकामा फेरा

अवजड यंत्रं हलवणाऱ्या टोळीचा तो मुकादम होता. बॉयलर, छपाईची यंत्रं, दवाखान्यातली एक्स-रेची पेटी, बँकेची तिजोरी. जे कुणालाच हलत नसे ते त्याच्या टोळीकडे येई. साखळी-कप्पी, पहारी, लाकडी ठोकळे आणि लोखंडी नळ्या, एवढाच सरंजाम. काम चालू असताना त्याच्या तोंडात एकच शब्द असे, 'सावकाश'. पुढे तोच त्याला चिकटला. पाठ वळली की लोक त्याला सावकाश मुकादम म्हणत. त्याला ते ठाऊक होतं आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नसे.

टोळीची एक शिस्त होती. कोणतंही धूड उचलण्याआधी मुकादम सगळी वाट एकदा रिकाम्या हातांनी चालून बघे. यंत्र जिथून निघणार तिथून ते जिथे बसणार तिथपर्यंत. दाराची रुंदी हातानं घेई, उंबऱ्यावर पाय दाबून बघे, फरशी टाचेनं ठोके, वळणावर थांबून वर दिव्याच्या दांड्याकडे मान करी. याला टोळीत रिकामा फेरा म्हणत. मालकांना घाई असे. "अहो मुकादम, फिरायला आलात की कामाला?" मुकादम तोवर पुढच्या दाराशी पोचलेला असे. फेरा पुरा करी आणि मगच पहारीला हात घाली.

उभ्या आयुष्यात त्याच्या टोळीच्या हातून एकही यंत्र पडलं नाही. एकाही माणसाचं बोट गेलं नाही. निवृत्तीच्या दिवशी मालकानं भाषण केलं, त्यात यंत्रांची नावं चुकली आणि बोटांचा उल्लेखच राहिला. मुकादमाला अभिमान होता तो बोटांचा.

त्याची बायको दवाखान्याच्या धुलाईखान्यात होती. वाफेच्या इस्त्रीवर चादरी दाबायच्या, घड्या घालायच्या, गठ्ठे रचायचे. सगळं उभ्यानं. त्या खोलीत स्टूल ठेवायची पद्धतच नव्हती. नोकरी संपली आणि वर्षाच्या आत डावा खुबा गेला. डॉक्टरांनी तो बदलला. नवा खुबा बसल्यावर ती काठी घेऊन चालू लागली, मग काठी दाराआड गेली. डॉक्टर म्हणाले होते, "जपा, पण चालू द्या." मुकादमानं त्यातलं 'जपा' तेवढं ऐकलं.

मग एका दुपारी बायकोच्या थोरल्या बहिणीचा फोन आला.

ही ताई देशाच्या पार दुसऱ्या टोकाला राहत होती. आई लवकर गेल्यामुळे तिनंच धाकटीला वाढवलं होतं. आधी एकीची नोकरी, मग दुसरीची मुलं, मग खुबा, अशी वर्षं सरली होती आणि भेट फोनवरच राहिली होती. ताईच्या डोळ्यांत काही बिघाड आहे एवढं घरी माहीत होतं. त्या दुपारी ताईनं नीट सांगितलं.

"मधोमध डाग पडलाय गं. ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं. कडेकडेनं दिसतं अजून. पण डॉक्टर म्हणतात, तेही फार दिवस नाही."

"मग काही औषध? ऑपरेशन?"

"सगळं झालं. ते जाऊ दे. तू ये. तुझं तोंड एकदा बघून घेते. मग दिवा गेला तरी माझी तक्रार नाही."

बायकोनं फोन ठेवला, पदरानं हात पुसले. हात कोरडेच होते.

"अहो, मला जायचंय," ती म्हणाली.

मुकादम म्हणाला, "जाऊ."

त्याच्या घरात एवढ्यावर विषय संपत असे. कसं जायचं हा पुढचा प्रश्न, आणि तो आपला, असं मुकादम धरून चालला.

त्यांची लेक शाळेची बस चालवते. सकाळची फेरी आटोपली की आईकडे चहाला येते आणि दुपारच्या फेरीला जाते. तोंडानं फटकळ, हातानं पक्की. आगगाडीचे दिवसचे दिवस आईला झेपणार नाहीत हे तिनं पहिल्याच वाक्यात निकालात काढलं आणि फोनवर विमानं शोधायला घेतली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तिघं बसली. बायको शेंगा निवडत होती.

"दोन रस्ते आहेत," लेक म्हणाली. "एक, आपल्या गावाच्या विमानतळावरून. घरापासून हाकेच्या अंतरावर. पण इथून सुटतं ते छोटं पंख्याचं विमान. ते मधल्या शहरात उतरवतं. तिथे तासन्तास थांबायचं, मग मोठं विमान. दुसरा रस्ता, मोठ्या शहरातून. तिथून थेट मावशीच्या गावाला एकच विमान. मधे कुठे उतरायचं नाही. पण त्या शहरापर्यंत जायला गाडीनं जवळजवळ अख्खा दिवस."

"थेट," मुकादम म्हणाला.

"अहो बाबा, ऐकून तर घ्या."

"ऐकलं. ओझं जितक्या वेळा खाली ठेवाल आणि पुन्हा उचलाल तितक्या वेळा मोडायची भीती. एकदा उचललं की मुक्कामालाच टेकवायचं. थेट."

"आई ओझं आहे का?"

"बोलायची पद्धत असते."

बायकोनं एक शेंग मोडली. मुकादमानं तिचं न बोलणं होकारात जमा केलं.

मग त्यानं त्याला येत होतं ते केलं. रिकामा फेरा. पहाटेची बस धरून तो एकटा मोठ्या शहरात गेला. दिवसभर बसमध्ये बसला, तिथे एका ओळखीच्या फिटरकडे मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी विमानतळावर गेला. आत सोडत नव्हते तिथे काचेतून पाहिलं. जिथे सोडत होते तिथे चालला. उतार बघितला, लिफ्टची दारं बघितली, फरशी टाचेनं ठोकली. एका पहारेकऱ्यानं विचारलं, "काय शोधताय?" मुकादम म्हणाला, "उंबरा." पहारेकऱ्यानं त्याच्याकडे दोनदा पाहिलं. उंबरा एकही नव्हता. विमानाच्या दारापर्यंत सपाट बोगदा जात होता. मुकादमाचा जीव हरखला. असली वाट त्याला सगळ्या नोकरीत मिळाली नव्हती.

परतीच्या बसमधून तो घरी उतरला तेव्हा त्याची कंबर धरली होती आणि गुडघे सरळ होत नव्हते. तो दाराशीच म्हणाला, "वाट लोण्यासारखी आहे. कुठे धक्का नाही, कुठे पायरी नाही."

बायकोनं त्याला पाणी दिलं. तो खुर्चीत कसा बसला ते तिनं पाहिलं.

"आणि बसणं कसं होतं?"

"बसायचं त्यात काय? बसायचं."

"तुम्ही उभे राहताना खुर्ची धरलीत."

"बस खराब होती."

तेव्हा ती बोलली. आवाज चढवला नाही. धुलाईखान्यात वाफेच्या आवाजावरून बोलायची सवय असलेली बाई घरात मात्र हळू बोले.

"फेरा तुम्ही केलात, तोही मला न घेता. आता एक फेरा माझा. उद्या दुपारी."

दुसऱ्या दिवशी तिनं जेवणाची खुर्ची कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत ठेवायला लावली. समोर पेटी उभी केली, गुडघे टेकतील एवढी जवळ. "गाडीत एवढीच जागा असते," ती म्हणाली आणि बसली. लेक दुपारच्या फेरीआधी आली होती, तिला खेळ आवडला. ती दारात उभी राहून गाडी चालवू लागली.

"निघालो. आई, हा गावाबाहेरचा पेट्रोल पंप गेला."

"जाऊ दे."

"आता पूल."

"जाऊ दे."

जरा वेळानं लेकीची थट्टा ओसरली. बायको आधी सरळ बसली होती, मग उजवीकडे कलली, मग दोन्ही हातांनी खुर्चीची बैठक धरून अंग वर उचलायला लागली. कपाळावर घाम आला. मुकादम म्हणाला, "पुरे आता, ऊठ."

"बसू द्या. गाडी अजून पोचली नाही."

"अगं, पुरे म्हणतो ना!"

"मधे थांबत नाही ना तुमची थेट गाडी? मग बसू द्या."

शेवटी तीच म्हणाली, "उठते," आणि उठता आलं नाही. डावा पाय पुढे येईना. लेकीनं एका बाजूनं आणि मुकादमानं दुसऱ्या बाजूनं धरून तिला उभं केलं, तेव्हा तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मुकादमानं ऑपरेशननंतरही ऐकला नव्हता. लेक खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "बाबा, आपण अजून शहराच्या निम्म्या वाटेवरही नव्हतो. आणि त्याच्यापुढे थेट विमान. त्यात पुन्हा बसणंच."

बायको पलंगावर आडवी झाली. मुकादम पायाशी उभा होता.

"तुम्हाला वाटतं, खाली ठेवलं की मोडतं," ती छताकडे बघत म्हणाली. "मी खाली ठेवलं नाही तर मोडते. उभी राहू शकते मी. चालू शकते. जन्मभर उभी राहिले. मला बसवून ठेवू नका. यंत्राला कुठे दुखतं ते विचारायची सोय नव्हती. मला विचारायची होती की नाही?"

मुकादम बाहेर जाऊन पायरीवर बसला. टोळीत कुणी चूक केली तर तो माफी मागून घेत नसे. काम पुन्हा करून घेई. स्वतःलाही त्यानं तोच नियम लावला. सकाळी चहाचा कप तिच्यापुढे ठेवून तो टेबलाशी बसला आणि म्हणाला, "सांग. कुठे दुखतं, कशानं दुखतं, किती वेळानं. सगळं सांग."

तिनं सांगितलं. तो ऐकत राहिला. मधे एकदा त्यानं विचारलं, "आणि चढताना?" ती म्हणाली, "चढताना दम लागतो. दुखत नाही." दोघांनी इतका वेळ एका विषयावर बोलायची त्या घरात ही पहिलीच वेळ असावी.

मग विमानं निवडणं नव्यानं सुरू झालं आणि या वेळी टेबलावर तिचा शब्द चाले. गावातूनच निघायचं हे ठरलं. लेकीनं फोन पुढे धरला.

"आपल्या गावातून दोन विमानं सुटतात, एक सकाळी, एक संध्याकाळी. संध्याकाळचं घेतलं तर मधल्या शहरातलं रात्रीचं शेवटचं विमान गाठायचं. चुकलं की तिथेच मुक्काम."

"सकाळचं," बायको म्हणाली.

"सकाळी धुकं असतं. उशीर होतो कधी कधी."

"उशीर झाला तरी मागे दिवस उरतो."

मुकादमानं मान डोलावली.

"आता मधल्या शहरातून पुढे. एक विमान लगेच आहे. उतरलं की पळायचं, हे दार, ते दार. दुसरं दुपारी. मधे बराच वेळ थांबायचं."

"दुपारचं. मी तिथे चालेन."

"तिथे काय बघणार एवढा वेळ?"

"फरशी," बायको म्हणाली. लेक हसली. मुकादमाला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

लेकीनं आणखी एक गोष्ट काढली. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची दोन तिकिटं काढली तर स्वस्त पडत होतं. पण मग पहिलं विमान रखडलं तर दुसरी कंपनी हात वर करणार, सामानही मधे आपणच उतरवून पुन्हा चढवायचं. एकाच कंपनीचं एकच तिकीट घेतलं तर पुढे पोचवायची जबाबदारी त्यांची. हे मुकादमाला पटवावं लागलं नाही. निम्म्या वाटेवर टोळी बदलणं त्याला कधीच मान्य नव्हतं.

मग जागा. रांगेच्या कडेची जागा हवी, म्हणजे पाय मोकळा करता येईल आणि उठताना कुणाला ओलांडावं लागणार नाही. पण कुठल्या हाताची कड? मुकादमानं खुर्च्या मांडल्या, मधे वाट सोडली. बायको या बाजूला बसली, त्या बाजूला बसली. दुखरा पाय डावा, म्हणून वाट डाव्या हाताला यायला हवी. म्हणजे विमानाच्या उजव्या अंगाची जागा. लेकीनं फोनवर ती धरली. मुकादमानं दोनदा खात्री करून घेतली की विमानाचं नाक कुठल्या दिशेला आहे.

घोडं अडलं ते जिन्याशी.

तिकीट काढण्याआधी मुकादमानं आपला फेरा केलाच, पण या वेळी बायकोला बरोबर नेलं. गावाचा विमानतळ म्हणजे एक लांब खोली, एक काचेचं दार आणि पलीकडे मैदान. आत सपाट बोगदा वगैरे काही नाही. विमानापर्यंत चालत जायचं आणि चाकाच्या लोखंडी जिन्यानं चढायचं. प्रवाशांची देखरेख बघणारी एक सुपरवायझर बाई होती, केस घट्ट बांधलेली, कमरेला वायरलेस.

"कोणत्या विमानाचे?" तिनं विचारलं.

"अजून ठरायचंय," मुकादम म्हणाला. "आधी जिना बघायचाय."

तिनं कपाळाला आठ्या घातल्या, पण बायकोची चाल बघून त्या उतरल्या. "आजी, काळजी करू नका. वर उचलायची गाडी आमच्याकडे नाही, पण चार माणसं आहेत. खुर्चीत बसवून उचलून नेतात. रोजचं आहे त्यांचं."

बायको काचेतून जिन्याकडे बघत होती. उभा, जाळीच्या पायऱ्यांचा, वाऱ्यात किंचित हलणारा.

"मला उचलायचं नाही," ती म्हणाली.

"अहो, त्यात कमीपणा काय?"

"कमीपणा नाही. पण बहिणीसमोर मी चालत जाणार आहे. सुरुवातच उचलून झाली तर मग जो तो उचलेल."

परत येताना मुकादम सारखा जिन्याचाच विचार करत होता. त्या चढणीच्या पायऱ्या गावात फक्त एका ठिकाणी होत्या. पाण्याच्या टाकीचा लोखंडी जिना. दुसऱ्या दिवसापासून सकाळी दोघं तिथे जाऊ लागले.

चढताना आधी चांगला पाय. उतरताना आधी दुखरा. कठडा घट्ट, नजर पायाच्या पुढच्या पायरीवर. मुकादम दोन पायऱ्या खाली, हात तिच्या पाठीमागे ओंजळीसारखे धरलेले, पण अंगाला न लागता. न लागता उभं राहणं हे उचलण्याहून जड काम आहे. ज्याला शंका असेल त्यानं करून बघावं.

पहिल्या दिवशी ती थोड्याच पायऱ्या चढली आणि रडकुंडीला आली. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच. नंतर एक जास्त. शेजारीण दूध घेऊन जाताना थांबली.

"वहिनी, टाकीत काय पडलंय?"

"काही नाही. बहिणीकडे जायचा रस्ता इथून आहे."

शेजारणीनं मुकादमाकडे पाहिलं. तो म्हणाला, "खरं आहे."

ती अर्ध्या जिन्यापर्यंत पोचू लागली होती तेव्हा ताईचा पुन्हा फोन आला. वर्तमानपत्रातली मोठी अक्षरंसुद्धा गेली होती. आता स्वतःच्या लेकीचं तोंड बघायलाही मान वाकडी करावी लागते, ताई म्हणाली आणि हसली. ते हसणं बायकोला आवडलं नाही.

त्या दुपारी लेक म्हणाली, "आई, अजून महिनाभर सराव कर. मग तिकीट काढू."

"तिला महिना नाही."

"आणि जिना नाही जमला तर?"

"तारीख काढ," बायको म्हणाली. "जवळची."

लेकीनं वडिलांकडे पाहिलं. मुकादम पूर्ण तयारी नसताना कधी कामाला हात लावत नसे. त्याचा जबडा हलला. मग तो म्हणाला, "ती सांगते ते कर."

निघायच्या आदल्या सकाळी बायको टाकीच्या जिन्यावर पहिल्यांदा वरपर्यंत गेली. मधे एकदा थांबली. वर पोचल्यावर तिनं गावाकडे बघितलंसुद्धा नाही. वळली आणि दुखरा पाय आधी टाकून उतरू लागली.

निघायच्या दिवशी धुकं होतं. इतकं की धावपट्टीच दिसेना. लांबट खोलीत माणसं येरझारा घालत होती. एक गृहस्थ फोनवर कुणावर तरी ओरडत होते. त्यांचं पुढचं विमान लगेचचं होतं आणि ते हातचं जाणार होतं. लेकीनं आईला कोपरखळी मारली. बायको म्हणाली, "बिचारे," आणि खोलीत आणखी एक चक्कर मारायला गेली. या दोघांचं पुढचं विमान दुपारचं. धुक्याला हवा तेवढा वेळ घेऊ दे.

ऊन वर आलं, मैदान दिसू लागलं आणि मग एकदम सगळी घाई झाली. सुपरवायझर आली. तिच्या मागे चार माणसं आणि खुर्ची.

"आजी, चला. आधीच उशीर झालाय. पटकन उचलतो, तुम्हाला कळणारही नाही."

बायको म्हणाली, "बाई, सगळ्यांना आधी जाऊ दे. मी शेवटची चढते. मग माझ्यामागे कुणी खोळंबणार नाही."

"पण—"

"जमलं नाही तर खुर्ची आहेच की. इथेच राहू दे ती."

सुपरवायझरनं घड्याळ बघितलं. आपल्या माणसांना हातानं थांबवलं. प्रवासी रांगेनं चढून गेले. मैदानात खालती उरले मुकादम, त्याची बायको, सुपरवायझर, चार माणसं आणि रिकामी खुर्ची. लेकीला काचेच्या दारापाशीच थांबवलं होतं. तिनं नाक काचेला लावलं होतं.

चांगला पाय. मग दुसरा. कठडा थंड होता आणि दवानं ओला. टाकीचा कठडा कोरडा असे. तिसऱ्या-चौथ्या पायरीला तिचा हात सरकला आणि मुकादमाची ओंजळ वर आली. पण त्यानं हात लावला नाही. ती थांबली, तळवा लुगड्याला पुसला, पुन्हा कठडा धरला. खालून चारांपैकी एकजण पुढे सरकला. सुपरवायझरनं त्याचा दंड धरला.

अर्ध्या जिन्यावर ती पुन्हा थांबली. श्वास वाजत होता.

"उतरायचं?" मुकादमानं विचारलं. या वेळी तो विचारायला विसरला नाही.

"मागे बोलू नका. पाय चुकतो."

त्यानं नजर तिच्या टाचेवर ठेवली.

वर दारात हवाई सुंदरी हात पुढे करून उभी होती. बायको म्हणाली, "आधी पाय येऊ दे, मग हात." पाय आले. मग तिनं हात दिला. खाली सुपरवायझरनं वायरलेसवर काहीतरी सांगितलं, आणि चौघांनी रिकामी खुर्ची घडी घालून उचलली.

आपल्या जागेवर बसल्यावर बायकोनं डावा पाय वाटेत लांब केला आणि बोटं हलवून बघितली.

"बाजू बरोबर धरलीत," ती म्हणाली.

एवढी शाबासकी मुकादमाला कोणत्याही मालकानं दिली नव्हती.

मधल्या शहरात ते दुखरा पाय आधी टाकत सगळ्यांच्या शेवटी उतरले. बाकीचे लोक पिशव्या छातीशी धरून धावत सुटले. हे दोघं त्या भल्याथोरल्या दालनात चालू लागले. एका टोकाच्या खिडकीपासून दुसऱ्या टोकाच्या खिडकीपर्यंत, आणि पुन्हा परत. ती चालली, उभी राहिली, खिडकीच्या कट्ट्याला टेकली, पुन्हा चालली. तिचा चेहरा मोकळा होत गेला. मुकादमाची कंबर मात्र पुन्हा धरली. तो एका बाकाशी रेंगाळला.

"बसा तुम्ही," ती म्हणाली. "तुमचा खुबा जुनाच आहे."

मोठ्या विमानात ती दोनदा उठून मागच्या मोकळ्या जागेत उभी राहिली. मुकादम प्रत्येक वेळी बरोबर उठला. दुसऱ्या वेळी तिनं त्याला खांद्याला धरून परत बसवलं.

उतरल्यावर बोगद्याच्या तोंडाशी तिथल्या माणसानं चाकाची खुर्ची पुढे केली. बायकोनं त्यावर आपली पिशवी ठेवली आणि म्हणाली, "ही ढकला. मी चालते." तो माणूस पिशवी ढकलत त्यांच्या चालीनं चालला.

बाहेरच्या काचेच्या दारापलीकडे गर्दी होती. ताई आपल्या मुलीचा हात धरून अगदी पुढे उभी होती. वाळली होती. बायकोनं तिला ओळखलं आणि चाल वाढवली. पाय किंचित ओढत होता, पण चाल तिची होती. ती समोर जाऊन उभी राहिली आणि ताईनं मान फिरवली. सरळ बाजूला, खांबाकडे.

मुकादम जागीच थबकला. आपण उशीर केला. तो रिकामा फेरा मोठ्या शहराचा, ते दिवस, ते सगळे आपल्यामुळे गेले.

"तशीच राहू दे," ताई खांबाकडे बघत म्हणाली. "हलू नकोस. कडेनं दिसतेस. समोर बघितलं की जातेस."

बायको हलली नाही. गर्दी दोन्ही बाजूंनी जात होती. ताईनं मान आणखी थोडी वळवली, मग किंचित परत आणली. जसं कुणी सुईत दोरा ओवताना धरतं, तसं तिनं धाकटीला नजरेच्या कडेत धरलं आणि बघितलं. कपाळ. डोळे. गाल. फार वेळ लागला. कुणी घाई केली नाही.

"केस सगळे गेलेत पांढरे."

"हो."

"नाक तेवढंच आहे. मोठं."

"नाक कुठे जाणार?"

"आणि रडतेस कशाला? रडलीस की तोंड वाकडं होतं. मला सरळ हवंय."

"बरं. नाही रडत."

ताईनं हात पुढे करून तिची हनुवटी धरली आणि तिला छताखालून बाहेर, उन्हात ओढलं. संध्याकाळचं ऊन होतं, पण भरपूर होतं.

"इकडे ये. इथे उजेड चांगला आहे. आता पुन्हा पहिल्यापासून."